साडेपाच तासांचा कोळसा

वणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम सुरू केल्यापासून मी एक वही ठेवत आलो आहे. कुठं गेलो, किती वाजता पोचलो, काय बिघडलं होतं, काय केलं आणि किती वाजता निघालो, एवढंच तिच्यात असतं. बायको म्हणते, "लग्नाची तारीख विचारली तर छताकडे बघता, आणि कुठल्या शाळेतला प्रिंटर कधी अडकला ते तोंडपाठ सांगता." तिचं खरं आहे.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर आधी सगळ्या वह्या काढून बेरीज केली. सोळा वर्षांत २,१४७ भेटी. त्यांपैकी १३१ केवळ घड्याळासाठी, म्हणजे शंभरात सहा. लोकांना हे पटत नाही. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातला तो बारीक आकडा, तो बघायला कोण बसलंय? खिशात मोबाईल आहे, भिंतीवर घड्याळ आहे. सुरुवातीची दोन वर्षं मलाही तसंच वाटायचं. गंमत अशी की तो आकडा माणसं बघत नाहीत, पण कागद बघतात. पावती, दाखला, स्लिप, हजेरी, जे काही छापून बाहेर येतं त्यावर तो आकडा आपोआप बसतो, आणि मग तो खरा होतो.

एका शाळेत मी गेलो तर मुख्याध्यापिका बाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. त्यांच्या शाळेतल्या सात मुलींनी जन्माच्या नऊ वर्षं आधी शाळा सोडली होती. दाखल्यावर तसं स्वच्छ छापलं होतं, खाली बाईंची सही होती आणि गोल शिक्काही होता. बिघाड अगदी साधा होता. कॉम्प्युटरच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. यंत्र बंद असताना वेळ सांभाळायचं काम त्याचं. तो संपला की यंत्र दर सकाळी जुन्या कुठल्या तरी तारखेला जागं होतं. मी सेल बदलला. बाईंनी विचारलं, "आणि या सात पोरींचं?" म्हटलं, "त्यांना पुन्हा शाळेत घ्या आणि पुन्हा सोडा."

दुसरे एक गुरुजी लॅपटॉपवर जन्मपत्रिका काढून देत. त्यांच्या यंत्रात घड्याळ बरोबर होतं, पण मुलूख चुकला होता. पत्रिकेचा प्रोग्रॅम यंत्राचा मुलूख गृहीत धरून गणित करायचा, आणि यंत्र समजत होतं की आपण इंग्लंडात आहोत. वर्षभरात तेवीस पत्रिका गेल्या होत्या. दुरुस्तीला मला तीन मिनिटं लागली. गुरुजी घाम पुसत म्हणाले, "अहो, त्या तेवीस लेकरांच्या ग्रहांचं काय?" मी म्हटलं, "गुरुजी, मी घड्याळं दुरुस्त करतो. ग्रह माझ्याकडे येत नाहीत."

घड्याळ चुकणं आणि मुलूख चुकणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हे एवढं समजलं की माझा अर्धा धंदा समजला. मी बहुतेक ठिकाणी लिनक्स बसवून देतो. विंडोजसारखीच ती एक यंत्रणा आहे, पण फुकट मिळते आणि जुन्या, थकलेल्या कॉम्प्युटरवरही निमूट चालते. लिनक्स आतल्या आत वेळ मोजतं ते जगाच्या एका ठरलेल्या वेळेनं. मग त्याला सांगावं लागतं की बाबा, तू अमुक मुलखात आहेस. भारताची वेळ त्या जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं आहे. मुलूख सांगितला की यंत्र साडेपाच तास मिळवून दाखवतं. सांगितला नाही की ते खुशाल साडेपाच तास मागं राहतं. आपण हातानं काटे पुढं ढकलले तर तेवढ्यापुरतं ऐकतं. पण इंटरनेट लागलं की जगाला विचारून येतं, आणि आपण शिकवलेलं विसरून पुन्हा साडेपाच तास मागं जातं. यात यंत्राचा दोष नाही. त्याला कुणी पत्ताच दिलेला नसतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही एका ठिकाणी मी पत्ता दिला नाही. ती गोष्ट सांगायची आहे.

राजूर रस्त्यावर सुधाकरभाऊंचा कोळशाचा प्लॉट आहे. प्लॉटवर कोळशाचे ढीग, एक लोडर, भाऊंचे स्वतःचे आठ ट्रक, आणि फाटकाशी धरमकाटा, म्हणजे भरलेला ट्रक वजन करायचा काटा. भाऊ पन्नाशीचे, पांढरा शर्ट, कोळशाच्या धंद्यात तीस वर्षं काढूनही शर्टावर डाग नाही. काट्याच्या खोलीतला कॉम्प्युटर जुना झाला म्हणून त्यांनी मला लिनक्स बसवायला बोलावलं. बसवताना मुलखाची यादी आली. या यादीत यवतमाळ नाही, नागपूर नाही, मुंबईसुद्धा नाही. अख्ख्या देशाला मिळून एकच नाव आहे, कोलकाता. मी ते निवडणार, तेवढ्यात भाऊ मागून वाकून बघत म्हणाले,

"हे कोलकाता कायले टाकून राह्यले?"

"भाऊ, वेळेसाठी. सगळ्या भारताची एकच वेळ आहे, यादीत नाव तेवढं कोलकात्याचं आहे."

"ते तुमच्यासाठी झालं, इंजिनिअर साहेब. उद्या स्लिपवर कोलकाता छापून आलं तं? माल वणीचा, काटा राजूर रोडचा आन् कागद कोलकात्याचा! तपासणीवाले मले विचारतीन, भाऊ, तिकडचा कोळसा इकडं कसा आणता म्हणून."

"स्लिपवर येत नाही ते."

"आज येत नाही. उद्या आलं तं कोण जबाबदार?"

मी इंजिनिअर नाही, बी.कॉम. आहे. भाऊ चिडवायचं असेल तेव्हाच साहेब म्हणतात. बाहेर तीन ट्रक काट्यासाठी उभे होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. मी वाद सोडला. मुलखाची जागा तशीच ठेवली, घड्याळाचे काटे हातानं जुळवले आणि धरमकाटा सांभाळणाऱ्या विलासला सांगितलं, "सकाळी वेळ मागं दिसली तर ही एक ओळ टाइप करून मोबाईलप्रमाणे पुढं घे. मी आठवड्यात येऊन कायमचं करतो." वहीत लिहिलं, 'मुलूख बाकी'. आणि गेलो नाही. सात महिने.

विलास म्हणजे चाळिशीचा, कमी बोलणारा, नीटनेटका माणूस. त्यानं सात महिने रोज सकाळी सातला काटा उघडला आणि रोज ती ओळ टाइप केली. संध्याकाळी सातला काटा बंद करताना तो स्वतःच्या मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला जोडून दिवसाचा हिशेब भाऊंना पाठवी. त्या क्षणी घड्याळ साडेपाच तास मागं उडी मारी, पण तेव्हा वजनं संपलेली असत, यंत्र बंद व्हायचं असे. सकाळी पुन्हा तो काटे पुढं घेई. एवढ्या इमानदारीनं सांभाळलेली चूक मी दुसरी पाहिली नाही.

मग एके दिवशी स्लिपचा प्रिंटर अडकला म्हणून मी तिथं गेलो. काट्याच्या खोलीबाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक आहे. त्यावर परसराम बसला होता. परसराम हा भाऊंच्या आठ ड्रायव्हरांपैकी एक. पुसदकडच्या बंजारा तांड्यातला, वणीत खोली करून राहणारा. ट्रक बाहेर पडायच्या आधी चाक-चाक हातानं ठोकून बघणारा. दिवसाउजेडी तो बाकावर बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

"काय परसराम, सुट्टी?"

"सुट्टीच हाय जी. सहा दिवस झाले. भाऊनं चाबी काढून घेतली."

"काहून?"

"मी कोळसा इकला म्हणते."

प्रिंटर बाजूला ठेवून मी त्याच्याजवळ बसलो. मागच्या आठवड्यात त्यानं भरलेली गाडी अडतीस किलोमीटरवरच्या एका कारखान्याला नेली. कारखान्यात कोळशात दगड जास्त निघाला. दगड निघतोच, ढिगाच्या तळातला माल आला की निघतो. पण कारखान्याच्या माणसानं या वेळी वेळाही ताडून पाहिल्या. आपल्या काट्याची स्लिप म्हणत होती, गाडी सकाळी ७:४८ ला निघाली. त्यांच्या फाटकाचा शिक्का म्हणत होता, गाडी १४:२७ ला आत आली. त्यांनी भाऊंना फोन केला, की तुमची गाडी अर्धा दिवस कुठं होती? वाटेत चांगला माल उतरवून दगड भरला का? असा ड्रायव्हर परत आला तर तुमची एकही गाडी आत घेणार नाही.

"मी भाऊले म्हटलं, मी सव्वा वाजता निंघालो. जेवून निंघालो. लोडरवाल्याले विचारा. तं भाऊ म्हणे, लोडरवाला तुह्याच ताटात जेवते. माणूस खोटं बोलते, कॉम्प्युटर कायले खोटं बोलीन?"

"तू स्लिपवरची वेळ पाहिली नाहीस?"

"स्लिपवर वेळ कोण पाह्यते जी? वजन पाह्यते."

त्यानं लायसनच्या प्लास्टिकमधून घडी केलेली स्लिप काढली. त्याच प्लास्टिकमध्ये त्याच कारखान्याच्या आधीच्या पाच फेऱ्यांच्या स्लिपाही होत्या, फाटकाच्या शिक्क्यांसकट. हा माणूस कागद टाकत नाही, हे बघून मला बरं वाटलं.

"नोकरीचं जाऊ द्या," तो म्हणाला. "ड्रायव्हरले गाडी कुठंबी भेटते. पण आमच्या तांड्यातला एक पोट्टा इथंच दुसऱ्या ट्रकवर हाय. त्यानं घरी फोन केला. आता माहा बाप माह्याशी बोलत नाही. फोन केला तं भावाच्या हातात देते. आमच्या लोकाईनं पिढ्यानपिढ्या बैलाच्या पाठीवर दुसऱ्याचा माल वाहिला, बाप म्हणते. गोणीतलं मूठभर कमी झालं तं मान खाली जाये. आन् तू ट्रकभर खाल्लास?"

मी वही काढली. दुःख ऐकताना आकडे मांडणं बरं दिसत नाही, पण मला तेवढंच येतं. आधीच्या पाच फेऱ्यांना लागलेला वेळ: एक तास पाच मिनिटं, एक बारा, एक सात, एक चौदा, एक सात. सरासरी एक तास नऊ मिनिटं. या फेरीला लागलेला वेळ, ७:४८ ते १४:२७, सहा तास एकोणचाळीस मिनिटं. वजाबाकी केली.

पाच तास तीस मिनिटं. बरोबर. एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही.

दुसऱ्या कुणी ही वजाबाकी केली असती तर त्याला फक्त एक आकडा दिसला असता. मला माझ्या वहीतले दोन शब्द दिसले, 'मुलूख बाकी'. चोर शोधायला निघालेल्या माणसाला आपल्याच चपलेचा ठसा सापडावा, तसं झालं.

खोलीत गेलो. विलासला म्हटलं, "त्या दिवसाच्या स्लिपांची यादी काढ." यादी निघाली. २३१६ नंबरची स्लिप, वेळ १३:०४. २३१७, परसरामची, वेळ ०७:४८. २३१८, वेळ १३:३१. नंबर सरळ पुढं चाललेले, वेळ मधेच एकदा खड्ड्यात पडून वर आलेली. आता एकच कोडं उरलं. नेट तर संध्याकाळी जोडलं जातं. मग घड्याळ भरदुपारी मागं का गेलं?

लिनक्समध्ये आणखी एक वही असते. यंत्र स्वतःच ती लिहीत असतं. कधी चालू झालं, कधी काय जोडलं, कधी वेळ बदलली, सगळं. मी ती उघडली आणि त्या दिवसापर्यंत मागं गेलो. एकच्या पुढं नऊ मिनिटांनी नेट जोडल्याची नोंद. लगेच वेळ बदलल्याची नोंद. मग अठराएक मिनिटांनी हातानं वेळ बदलल्याची नोंद. मी बोट ठेवून बघत होतो, आणि मागून विलासचा आवाज आला.

"सर, त्याच्यात आणखी काय काय दिसते?"

मी वळून बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता. म्हटलं, "एवढंच. बाकी तू सांग."

त्यानं सांगितलं. त्याच्या मुलीचा नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. शेवटचा दिवस. मोबाईलवरून कागद चढत नव्हते, वणीत जाऊन भरायचं तर काटा सोडता येत नव्हता. दुपारी गर्दी कमी होती म्हणून काट्याच्याच कॉम्प्युटरला नेट जोडून त्यानं फॉर्म भरायला घेतला. भाऊंचा नियम कडक, काट्याच्या यंत्रावर घरचं काम नाही. आधीचा माणूस क्रिकेट बघताना सापडला, त्याला त्याच दिवशी काढलं होतं. फॉर्म भरता भरता परसरामची गाडी काट्यावर आली, विलासनं एका हातानं वजन घेतलं, स्लिप दिली आणि पुन्हा फॉर्मकडे वळला. भाऊंच्या स्वतःच्या गाड्यांचं रिकामं वजन यंत्रात आधीच भरलेलं असतं, त्यामुळं अशा गाडीचं वजन मिनिटात होतं. फॉर्म संपल्यावर कोपऱ्यात बघतो तर वेळ सकाळची. त्यानं फोन काढला, काटे पुढं घेतले आणि सुटकेचा श्वास सोडला.

"परसरामचं कळलं कधी?"

"तिसऱ्या दिवशी. सांगीन, आज सांगीन, असं करून राह्यलो. तो रोज येऊन बाकावर बसते. मी रोज माह्या डब्यातला चहा नेऊन देतो. त्याच्या तोंडाकडं पाह्यलं की शब्द निंघत नाही, सर."

मला राग आला. त्यानं तीन दिवस लपवलं होतं. मी सात महिने टाळलं होतं.

आधी यंत्राच्या त्या नोंदी आणि स्लिपांची यादी छापून घेतली. दुरुस्ती करण्याआधी पुरावा काढून ठेवायचा, हा माझा नियम आहे. दुरुस्तीनंतर प्रत्येक यंत्र निष्पाप दिसतं. मग कोलकाता टाकलं. टाकल्याबरोबर घड्याळ आणखी साडेपाच तास पुढं पळालं, कारण विलासनं सकाळी ढकललेले काटे अजून तसेच होते. विलास दचकला. म्हटलं, "थांब, फोन जोड." त्यानं नेट जोडलं, यंत्र जगाला विचारून आलं आणि मोबाईलच्या मिनिटाला मिनिट जुळून उभं राहिलं. सगळं मिळून दोन मिनिटं. सात महिन्यांत मला ही दोन मिनिटं सापडली नव्हती.

"सर, भाऊले फॉर्मचं नका सांगू," विलास म्हणाला.

"विचारलं नाही तर सांगणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही."

परसरामला बरोबर घेऊन आम्ही तिघं भाऊंच्या केबिनमध्ये गेलो. मी उभ्यानंच सांगितलं की चूक माझी आहे. मुलूख घालायचा राहिला, म्हणून नेट जोडलं की घड्याळ साडेपाच तास मागं जातं, आणि त्यातच ही स्लिप निघाली. नंबरांची यादी समोर ठेवली, वजाबाकी समोर ठेवली. भाऊंनी चष्मा लावून दोन्ही वाचलं. धंद्यातला माणूस, आकडा पटायला त्यांना वेळ लागला नाही. फक्त पटलेलं कबूल करायला लागला.

"तुम्ही त्या दिवशी मले समजावून सांगाले पाह्यजे होतं ना, इंजिनिअर साहेब."

"सांगितलं होतं, भाऊ. तुम्ही म्हणालात कोलकाता नको."

"मी म्हटलं आन् तुम्ही आयकलं? डॉक्टरले पेशंट म्हणते सुई नोको, तं डॉक्टर सुई ठेवून देते का?"

भाऊंचं खरं होतं. गिऱ्हाईक म्हणेल ते करणं सोपं असतं, आणि त्यालाच आपण सेवा म्हणत राहतो.

भाऊ पुन्हा कागदाकडे वळले. तीस वर्षं मापातली माणसं ओळखलेला माणूस. बोट बरोबर परसरामच्या स्लिपच्या ओळीवर जाऊन थांबलं. "पण नेट तं संध्याकाळी जोडते हा. त्या दिवशी दुपारी कोणं जोडलं?"

भाऊ माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात विलास म्हणाला, "मी जोडलं, भाऊ. पोरीचा फॉर्म भरत होतो."

"माह्या यंत्रावर?"

"हो."

"आन् हा सहा दिवस बाहेर बसून होता, तं तू तोंडात काय धरून बसला होता?"

भाऊ उठून उभे राहिले. आता पुढचं वाक्य काय येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते आलं नाही. भाऊ परसरामकडे वळून म्हणाले, "चूक मीबी तुह्यावरच ठेवली होती. मी काय सांगू. तूच सांग, याचं काय करू?"

परसरामनं विलासकडे बघितलं. मग म्हणाला, "तरीच म्हटलं, चहात इतकी साखर काहून असते रोज."

विलासनं मान खाली घातली.

"फॉर्म भरला गेला का पण?"

"गेला."

"मंग याले ठेवा, भाऊ. माहे सहा दिवस तं बेकार गेले, त्याच्या पोरीचं तं काही होऊ द्या." आणि विलासला म्हणाला, "पण चहा आता मी सांगीन तवा आणाचा. आन् बिनसाखरेचा."

भाऊंनी खिळ्यावरची चावी काढून त्याच्या हातात दिली. मग मला म्हणाले, "ते स्लिप नवी काढून द्या ना, बरोबर टाइम टाकून. कारखान्याले पाठवून देतो." मी नाही म्हटलं. एकदा निघालेली स्लिप मी बदलत नाही, कुणासाठीच नाही. त्याऐवजी पत्र लिहून दिलं. नंबर, वेळा, वजाबाकी, आणि पहिल्याच ओळीत, चूक माझी. खाली माझी सही, त्याखाली भाऊंची. कारखान्यानं दुसऱ्या दिवशी गाडी आत घेतली. दगडाबद्दल त्यांनी भाऊंना वेगळं पत्र पाठवलं, ते भाऊंनी मला दाखवलं नाही.

माझ्या दृष्टीनं काम संपलं होतं. पत्राची एक प्रत परसरामनं तांड्यात पाठवली होती. आठ दिवसांनी त्याचा फोन आला.

"सर, बाप म्हणते कागद कोणंबी लिहिते. लिहिणारा माणूस दाखव."

वणीहून यवतमाळ, तिथून पुसद, पुढं ऑटो. रविवारचे साडेसहा तास. बायको म्हणाली, "घड्याळासाठी?" म्हटलं, "हो." तिनं दशम्या बांधून दिल्या.

परसराम फाट्यावर घ्यायला आला होता. त्याच्या घरापुढच्या अंगणात बाजेवर त्याचे वडील बसले होते. डोक्याला लाल पागोटं, अंगानं काटक. कानानं फार कमी ऐकू येतं, असं परसरामनं वाटेत सांगितलं होतं. मला खुर्ची दिली. परसराम उभाच राहिला. बाजेवर बरीच जागा होती, पण वडिलांनी बस म्हटलं नाही, म्हणून तो बसला नाही.

मी सुरुवात केली. वाटेत एसटीत सगळं मांडून ठेवलं होतं. जगाची एक वेळ असते आणि प्रत्येक मुलखाची एक. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो. यंत्राला पत्ता द्यावा लागतो. सात महिन्यांपूर्वी काय झालं, त्या दुपारी काय झालं, नंबर कसे सरळ होते, पाच फेऱ्यांची सरासरी किती आणि वजाबाकी किती. वही उघडून आकडे दाखवले. चांगली दहा मिनिटं बोललो. म्हातारा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी थांबलो. परसराम वाकला आणि वडिलांच्या कानाशी तोंड नेऊन त्यांच्या गोर बोलीत मोठ्यानं काही तरी बोलला. चार-पाच शब्द असतील. बस.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग बाजेवर एका अंगाला सरकला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात थोपटला. परसराम तिथं बसला. आतून कुणी तरी ताटं लावल्याचा आवाज आला.

जेवताना मी परसरामला हळूच विचारलं, "वडिलांना काय सांगितलंस?"

"सांगतलं, चूक या माणसाची होती, आन् हे सांगाले वणीहून आला."

"आणि ते मुलखाचं, जागतिक वेळेचं, सरासरीचं?"

"ते त्याले नाही लागत जी," परसराम भाकरी मोडत म्हणाला. "मलेबी नाही लागत."